बॅश शेलची वाटचाल
युनिक्सची सातवी आवृत्ती १९७९ मध्ये आली, तेव्हा तिच्यासोबत बेल लॅब्जमधील स्टीफन बॉर्न यांचा शेल होता. संगणकाला टंकित आज्ञा देण्याचा तोच पुढे प्रमाण मार्ग ठरला. पण तो शेल मुक्त सॉफ्टवेअर नव्हता. रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाला स्वतःचा शेल हवा होता आणि आधी नेमलेल्या प्रोग्रामरचे काम रेंगाळले होते. म्हणून १९८८ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ते हाती घेतले. जून १९८९ मध्ये या नव्या शेलची, म्हणजे बॅशची, पहिली चाचणी आवृत्ती बाहेर पडली. बॉर्न शेलच्या स्क्रिप्ट तिच्यात चालत. जुन्या आज्ञा परत बोलावण्याची सोय सी शेलकडून, तर ओळ जागच्या जागी दुरुस्त करण्याची कॉर्न शेलकडून घेतलेली. ही उसनवारी हेच बॅशचे खरे बळ.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या लिनक्स प्रणालीवर सुरुवातीलाच बॅश चालवला. पुढे बॅशची देखभाल क्लीव्हलँडच्या विद्यापीठातील चेट रेमी यांच्याकडे आली, ती आजतागायत.

सप्टेंबर २०१४ मध्ये बॅशमधील ‘शेलशॉक’ हा गंभीर सुरक्षादोष उघड झाला. तो सुमारे २५ वर्षे संहितेत पडून होता! अ‍ॅपलने बॅशच्या नव्या परवान्यामुळे त्याच्या ३.२ आवृत्तीपुढे जाणे टाळले आणि २०१९ पासून मॅकवर बॅशऐवजी झी-शेल हा पूर्वनिर्धारित शेल केला.