कच्चं मडकं

काही माणसं हवा पालटायला महाबळेश्वरला जातात. मी पुस्तकात एखाद्या गावाचं नाव वाचलं की पिशवी भरतो. यात हवा पालटतेच असं नाही, सौ.चा चेहरा मात्र हमखास पालटतो.

या खेपेला पाळी तेरची होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं दर्यावर्दी लोकांसाठी ‘पेरिप्लस’ नावाचं टिपण लिहिलं. स्वतःचं नाव सांगायचं तो विसरला, पण हिशेबाला पक्का. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर. तगरहून साधं कापड पुष्कळ येतं, मलमलही येते. आणि हा सगळा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून आणावा लागतो. धाराशिव सोडल्यावर हे मी सौ.ला वाचून दाखवत होतो, तेवढ्यात आमची गाडी खड्ड्यात आदळली.

“हे त्यानं कधी लिहिलं म्हणालात?” सौ.नं विचारलं.

पुढं हे तगर असं काही हरवलं, की पंडितांनी ते शोधायला अर्धा महाराष्ट्र पालथा घातला. कुणी म्हणे देवगिरी, कुणी जुन्नर, कुणी कोल्हापूर. शेवटी १९०१ साली फ्लीटसाहेबांनी तगर म्हणजे तेर, हे साधार मांडलं. खरं तर पत्ता शिलाहार राजांनी जपून ठेवला होता. राज्य कोकणात आणि कोल्हापुरात, पण बिरुद ‘तगरपुरवराधीश्वर’! मुंबईत तीन पिढ्या काढूनही आडनावात गाव मिरवणारे आपण, तसेच तेही. सरळ ‘तेरकर’ लावलं असतं तर पंडितांचे कष्ट वाचले असते.

तेरला आम्ही त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ पाहिलं. त्याचं पाठीसारखं गोलाकार छप्पर पाहून बौद्ध चैत्याची आठवण होते. मग संग्रहालय. हे सगळं ज्यांनी जमवलं ते रामलिंगप्पा लामतुरे याच गावचे. शेतांतून, टेकाडांवरून निघालेले मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या. त्यांच्या नावानं आज इथं सरकारी संग्रहालय आहे. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तर सख्खी बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईला सापडली. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. म्हणजे बहीण त्याआधीच सासरी पोचली होती!

मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडांची पांढरी माती माळवदावर टाकायला, शेतात घालायला नेण्याची रीत. गाडीभर मातीबरोबर गाडीभर इतिहासही जायचा, आणि नेणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. त्याचं छप्पर गळत असायचं. अशा वेळी कुणीतरी वाकून बघणारा लागतो. तेरचं नशीब, की तो गावातच निघाला.

संध्याकाळी टेकाडाच्या कडेला उभं राहून मी सौ.ला रोमच्या व्यापारावर व्याख्यान देऊ लागलो. हातवारे ऐन रंगात आले असताना शेताकडून येणारा एक म्हातारा थांबला.

“काय हरवलं का, पाव्हणं?”

“दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर!” मी म्हणालो.

“मग पाय उचला की.”

मी पाय उचलला. चपलेखाली तांबड्या खापराचा तुकडा होता, आणि त्यावर कुणा कुंभाराच्या बोटानं फिरवलेली रेघ स्पष्ट दिसत होती. इतकी पुस्तकं वाचून मी नेमका तिच्यावरच उभा होतो. सौ. खाली वाकली, बराच वेळ ती रेघ बघत राहिली. तुकडा आम्ही होता तिथंच ठेवला.

तिथून तेरणेकाठी गोरोबाकाकांच्या समाधीला गेलो. काकाही कुंभारच. थापटण्यानं संतांची डोकी तपासून त्यांनी खुद्द नामदेवांना ‘कच्चं मडकं’ ठरवलं, ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. मी डोकं टेकवण्यापूर्वी जरा इकडंतिकडं पाहिलं.

“थापटणं शोधताय?” सौ. म्हणाली. “निकाल मघाशीच लागलाय. टेका डोकं निवांत.”