औषधाची भुकटी आणि पाण्याचा थेंब

अळूच्या पानावर पडलेला पावसाचा थेंब पान न भिजवताच घरंगळतो. तोच थेंब जांभ्याच्या मातीवर पडला की क्षणात जिरतो. घन पदार्थाच्या पृष्ठभागावर द्रव पसरण्याच्या या गुणधर्माला आर्द्रणीयता, म्हणजेच भिजण्याची क्षमता म्हणतात. औषधनिर्मितीत तिला मोठे महत्त्व आहे. पोटात गेलेली साधी गोळी आधी भिजते, मग फुटते, मग तिच्यातील औषध विरघळते आणि विरघळलेले औषधच आतड्याच्या अस्तरातून रक्तात जाते. पहिली पायरी अडली, की पुढच्या साऱ्या रखडतात.

स्पर्शकोन

थेंबाच्या कडेशी द्रवाचा पृष्ठभाग आणि घन पृष्ठभाग यांच्यामध्ये, द्रवाच्या बाजूने मोजलेला कोन म्हणजे स्पर्शकोन. तो ९० अंशांहून कमी असेल, तर पदार्थ भिजणारा आणि अधिक असेल, तर जलविरोधी मानला जातो. या कोनामागील बलांचा समतोल इंग्लिश शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडला. पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन, म्हणजे बराच जास्त असतो. त्यामुळे तेलकट स्वभावाच्या रेणूंवर पाणी पसरण्याऐवजी स्वतःला आवरून थेंबरूपात राहते. भुकटीवर हा कोन थेट मोजणे कठीण असते. म्हणून नळीत ठासलेल्या भुकटीतून द्रव किती वेगाने वर चढतो, हे पाहिले जाते. त्यासाठी एडवर्ड वॉशबर्न यांचे १९२१ चे समीकरण वापरतात.

बारीक दळणे पुरेसे नाही

भिजणे म्हणजे विरघळणे नव्हे. खडू पाण्यात सहज भिजतो, पण विरघळत नाही. मात्र न भिजलेला कण विरघळण्यास सुरुवातच होत नाही. विरघळण्याचा वेग पाण्याच्या संपर्कातील क्षेत्रफळावर अवलंबून असतो. म्हणून ग्रिसिओफल्विन या बुरशीविरोधी औषधाचे कण अतिसूक्ष्म केले, तेव्हा ते अधिक शोषले जाऊ लागले आणि त्याची मात्रा कमी करता आली. परंतु जलविरोधी भुकटी फार बारीक केल्यास कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि गुठळ्या पाण्यावर तरंगतात. अशा वेळी दळून मिळवलेले क्षेत्रफळ कागदावरच राहते.

एकाच स्फटिकाच्या सर्व बाजूही सारख्या भिजत नाहीत. पॅरासिटामॉलच्या स्फटिकांवरील प्रयोगांत वेगवेगळ्या पैलूंवर पाण्याचा स्पर्शकोन निरनिराळा आढळला. स्फटिक ज्या प्रतलाशी सहज दुभंगतो, तो पृष्ठभाग तुलनेने अधिक जलविरोधी निघाला. म्हणजे दळताना नेमकी न भिजणारी बाजू उघडी पडू शकते.

उपाय आणि अपाय

सोडियम लॉरिल सल्फेट किंवा पॉलिसॉर्बेट ८० यांसारखे पृष्ठसक्रिय पदार्थ पाण्याचा पृष्ठताण घटवून भिजणे सुलभ करतात. पॉलिव्हिनिलपायरोलिडोनसारख्या जलस्नेही बहुवारिकात औषध विखरून ठेवणे, हा दुसरा मार्ग. उलट, यंत्राच्या साच्याला गोळी चिकटू नये म्हणून मिसळले जाणारे मॅग्नेशियम स्टिअरेट स्वतः जलविरोधी असते. ते गरजेपेक्षा जास्त वेळ घोळले, तर कणांभोवती त्याचा पातळ थर बसतो आणि गोळी उशिरा फुटते. घटक तेच, प्रमाण तेच. केवळ मिसळण्याचा अवधी बदलला तरी परिणाम बदलतो.

शरीराकडेही स्वतःची योजना आहे. स्निग्ध आहारानंतर आतड्यात उतरणारे पित्तक्षार भिजण्यास आणि विरघळण्यास मदत करतात. ग्रिसिओफल्विन स्निग्ध पदार्थांसह घेण्याचा सल्ला दिला जातो, तो याचमुळे.

रुग्णाच्या दृष्टीने

वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतींत तयार होणाऱ्या गोळ्यांची विद्रावण चाचणी सामान्यतः ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाला घेतली जाते. वेष्टनावर छापलेले मिलिग्रॅम गोळीत औषध किती आहे, एवढेच सांगतात; ते पाण्यात वेळेवर उतरते की नाही, हे ही चाचणी दाखवते. म्हणूनच ‘जेवणानंतर’ किंवा ‘गोळी कुटू नये’ या सूचना काटेकोरपणे पाळाव्यात आणि त्यांत बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला अवश्य विचारावे.