पांघरणारे आणि शिवणाऱ्या : दिल्लीच्या संदर्भात गोधडीचा विचार

जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण, ही गोधडीची साधी व्याख्या. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी केलेले लहान पांघरूण ते दुपटे. घरात शिवली जाणारी, बाजारात फारशी न येणारी आणि वापरता वापरताच संपणारी ही वस्तू असल्याने वस्त्रेतिहासाने पैठणी किंवा हिमरू यांच्याइतकी तिची दखल घेतली नाही. साहित्यात मात्र ती आणि तिच्या जातकुळीची वस्त्रे वारंवार भेटतात. साहित्याने जपलेली गोधडी आणि बाईने शिवलेली गोधडी यांत अंतर का पडले, आणि दिल्लीतील मराठी घरातून पाहिले असता त्या अंतराविषयी काय उमगते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

भारतीय परंपरेत ठिगळांचे वस्त्र हे प्रामुख्याने वैराग्याचे चिन्ह आहे. चिंध्या जोडून केलेले बौद्ध भिक्षूंचे चीवर, नाथजोग्यांची कंथा, भर्तृहरीच्या ‘वैराग्यशतका’तील जीर्ण कंथा ही त्याची परिचित उदाहरणे होत. दिल्लीच्या भूमीत याला सूफी परंपरेची जोड मिळते. चिश्ती संतांमध्ये गुरूने शिष्याला दिलेला खिरका हा अधिकाराचा वारसा मानला जाई. सूफींच्या ठिगळांच्या अंगरख्याला ‘मुरक्का’ असेही नाव होते. पुढे निरनिराळी चित्रे व सुलेखनाचे नमुने एकत्र बांधून केलेल्या मुघल संग्रहांना तोच शब्द लागू झाला. महाराष्ट्रात गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत, त्यामागेही हीच धारणा होती. या साऱ्या उदाहरणांत दृष्टी खिळते ती पांघरणाऱ्यावर. ठिगळ म्हणजे त्याने केलेला त्याग. ते ठिगळ कोणी लावले, हा प्रश्न बहुधा उपस्थितच होत नाही.

याला लक्षणीय अपवाद जनाबाईच्या आख्यायिकेचा. महिपतीने ‘भक्तविजया’त (१७६२) सांगितलेल्या कथेनुसार विठ्ठल जनाबाईकडे येतो आणि परतताना घाईत आपला शेला व पदक तेथेच विसरून तिची वाकळ पांघरून राउळात जातो. पुढे चोरीचा आळ येतो तो जनीवर. येथे वाकळ विरक्त पुरुषाची नाही. ती दळणकांडण करणाऱ्या दासीच्या अंथरुणातील आहे. देवाच्या शेल्याशी तिची अदलाबदल होते, हे कथेचे मर्म. तरीही वाकळ शिवण्याच्या श्रमापर्यंत कथा पोहोचत नाही. तो श्रम केंद्रस्थानी आणणारी कृती बंगाली साहित्यात आढळते. जसीमउद्दीन यांच्या ‘नक्शी काँथार माठ’ (१९२९) या दीर्घ काव्यातील नायिका आपल्या आयुष्याची कथाच काँथेवर भरते. बंगाली काँथेत भरतकामातून आकृती उमटतात, म्हणून ती ‘वाचता’ येते. मराठी गोधडीचा सरळ धावदोरा असे काही चितारत नाही. तिचा मजकूर तिच्या थरांत असतो.

हे नीट समजण्यासाठी गोधडीची दिल्लीच्या रजईशी तुलना करावी. रजईत दोन कापडांच्या मध्ये पिंजलेला कापूस भरतात. काही हिवाळ्यांनी त्याचे गोळे झाले की टाके उसवून कापूस धुनियाकडून पुन्हा पिंजून घेतात व नव्या खोळीत भरतात. म्हणजे रजईचा जीव कापसात असतो. वरचे कापड बदलले तरी चालते. गोधडीत वेगळे भरण नसते. नेसून, धुऊन मऊ झालेले लुगडे हेच तिचे अस्तर, तेच पोट आणि तोच पृष्ठभाग. थर जमिनीवर ताणून अंथरायचे, कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायचे आणि मग कडेपासून आत किंवा समांतर ओळींत पक्के शिवायचे. गोधडी विरली की तिच्यावर दुसरे लुगडे चढवून ती पुन्हा शिवली जाते. त्यामुळे आजीचे लुगडे आईच्या साडीखाली आणि तीही पुढच्या पिढीच्या साडीखाली जाते. डोळ्यांना फक्त वरचा थर दिसतो; आतले काय, हे शिवणारीलाच ठाऊक असते.

सरकारी नोकरी व अन्य व्यवसायांच्या निमित्ताने दिल्लीत आलेल्या आणि करोल बाग, पहाडगंज अशा वस्त्यांतून राहिलेल्या मराठी कुटुंबांसाठी या व्यवस्थेत दोन बदल घडले. पहिला हवामानाचा. जानेवारीच्या थंडीत गोधडी एकटी पुरी पडत नाही. रात्रीचे मुख्य काम रजईकडे गेल्यावर गोधडीकडे उरतात ती थंडीच्या सुरुवातीची व अखेरची दिवसरात्र, गादीवरचे अंथरूण आणि बाळाचे दुपटे. येथे भाषेचीही एक गंमत नोंदवावी. मराठीतील ‘दुपटे’ आणि दिल्लीच्या बोलीतील ‘दुपट्टा’ हे एकाच कुळातले शब्द. परंतु एक बाळाला गुंडाळते, तर दुसरा स्त्रीच्या खांद्यावर असतो.

दुसरा बदल कापडाचा, आणि तो केवळ दिल्लीपुरता नाही. नऊवारीची जागा पाचवारीने घेतली तेव्हा एका साडीमागे मिळणारे कापड घटले. १९६० नंतरच्या दशकांत नायलॉन, टेरिलीन व पॉलिएस्टरच्या साड्या कपाटात आल्या. त्या लवकर विरत नाहीत, घाम टिपत नाहीत आणि थरांत सरकतात. म्हणून गोधडीला कुचकामी. अशा साडीला वाट उरते बोहारणीची. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणीचे दिल्लीतील प्रतिरूप म्हणजे स्टीलची भांडी घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या, मूळच्या गुजरातेतील वाघरी समाजाच्या स्त्रिया. त्यांनी गोळा केलेले कपडे पश्चिम दिल्लीतील रघुबीर नगरच्या बाजारात विकले जातात. या व्यवहाराचा सविस्तर अभ्यास लूसी नॉरिस यांच्या २०१०च्या ग्रंथात आहे. साडी गोधडीत घालायची की भांड्यावर द्यायची, हा निर्णय अर्थशास्त्राचा तसाच स्मृतीचाही असतो. भांड्याच्या मोबदल्यात गेलेली साडी अनामिक होते. गोधडीत गेलेली साडी कोणाची, हे घरात माहीत असते.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडणारे पानिपत या अनामिकतेचे टोक दाखवते. मराठी मनात हे नाव १४ जानेवारी १७६१शी कायमचे जोडलेले आहे. आजचे पानिपत मात्र परदेशांतून येणारे वापरलेले लोकरी कपडे रंगवार निवडून, फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढणाऱ्या व त्यापासून ब्लँकेटे विणणाऱ्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या वस्त्राचे पांघरूण करणे, हे तत्त्व दोन्हीकडे समान. फरक एवढाच, की पिंजताना वस्त्राची ओळख पुसली जाते आणि गोधडीत ती झाकून ठेवली जाते.

निकड ओसरल्यावरही काही स्त्रिया गोधडी शिवत राहतात. त्यामागे कापडाची हौस असते. चांदणी चौकातील कटरा नील किंवा कॅनॉट प्लेसलगतचे शंकर मार्केट येथून सुती तुकडे आणायचे, ते जुन्या साडीच्या काठाशी जुळवायचे, ही आवडीची निर्मिती आहे. तिला गरिबीचे किंवा वैराग्याचे रूपक लावता येत नाही. मात्र तिच्यापुढे नवा पेच उभा राहतो : ही गोधडी वापरायची की जपायची? ॲलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेत हाच वाद आई आणि मुलींमध्ये होतो; शिकलेल्या मुलीला आजीच्या हातची पांघरुणे भिंतीवर लावायची असतात, तर आई ती रोज वापरणाऱ्या मुलीला देते. गोधडी भिंतीवर गेली की टिकते, पण तिच्यावर नवा थर चढणे थांबते. वापरात राहिली तर ती विरते, आणि आतले थर जाणणारी बाई गेल्यावर तो मजकूर वाचायला कोणी उरत नाही.

म्हणून तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने कंथा, खिरका आणि वाकळ यांचा विचार करताना पांघरणाऱ्याच्या अर्थाजवळ थांबू नये. कोणत्या साड्या, कोणाच्या, कोणत्या क्रमाने आत गेल्या, हे शिवणारीकडून ऐकून लिहून ठेवणे हे साधे परंतु तातडीचे काम आहे. ते झाले तर गोधडी वापरता येईल आणि तिचा इतिहासही हाती राहील. महिपतीने जनीच्या वाकळीला देवाच्या खांद्यापर्यंत नेले. तिच्या टाक्यांची नोंद घेणे अद्याप बाकी आहे.