किल्लारीनंतरची मुलं: जवळ ठेवायची की दूर न्यायची?

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, ‘शालेय वयातल्या मुलांचा सामाजिक-भावनिक विकास.’ समोरचा मान हलवतो आणि विषय बदलतो. म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवू आणि आपल्याच धाराशिव जिल्ह्यातली एक गोष्ट बघू. तेव्हा हा जिल्हा उस्मानाबाद होता.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. लातूरमधलं किल्लारी आणि आपल्याकडचं सास्तूर ही नावं त्या दिवशी देशभर पोचली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. मेलेल्यांचा हिशोब झाला, पडलेल्या घरांचाही झाला. पण जी सहा ते बारा वर्षांची मुलं वाचली, त्यांचं नेमकं काय काय गेलं?

‘आई-बाप’ हे उत्तर पहिलं, आणि ते खरंच आहे. पण या वयाचं मूल फक्त आई-बापांवर उभं नसतं. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली मांडलं की साधारण सहा ते बारा या वयात मुलाला ‘मला काहीतरी जमतं’ हे स्वतःला आणि चारचौघांना दाखवायचं असतं. त्यासाठी चारचौघं लागतात. वर्गातला शेजारी, गल्लीतली टोळी, पाढे म्हणून घेणारे गुरुजी, पारावर बसलेला आणि नाव घेऊन हाक मारणारा म्हातारा. भूकंपात ही सगळी वीणच उसवली.

मग मोठ्या माणसांपुढे प्रश्न आला: मुलांना इथंच ठेवायचं की इथून न्यायचं? दोन्ही उत्तरं दिली गेली, आणि दोन्ही मनापासून दिली गेली.

पहिलं उत्तर पुण्याचं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यातून वाघोलीचा शैक्षणिक प्रकल्प उभा राहिला. विचार सरळ होता: ढिगाऱ्यापासून लांब, शाळा, जेवण, सोबती आणि पुढची वाट.

दुसरं उत्तर आपल्या जिल्ह्यातलं. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केलं. इथं मुलं आपल्याच मुलखात राहिली. तीच बोली, तीच ज्वारीची भाकरी, आणि उरलेले नातेवाईक एसटीने येऊन भेटू शकतील एवढं अंतर.

तुम्हाला यातलं कुठलं पटतं? मलाही सुरुवातीला वाटायचं की उत्तर सोपं आहे. कारण वाचनात लंडनचा अनुभव आला होता. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी तिथल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली. त्यांचं निरीक्षण असं होतं की बॉम्बपेक्षा घरच्यांपासूनची ताटातूट मुलांना जास्त लागते. म्हणजे जवळ ठेवणंच बरोबर, नाही का?

थांबा. एक तर तिथली बरीचशी मुलं अगदी लहान होती, शाळेच्या वयाची नव्हती. दुसरं म्हणजे, ‘जवळ’ राहायला ते गाव तरी शिल्लक होतं का? ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ आखलेले रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. सुरक्षित खरीच, पण जुनी गल्ली, माळवदावरून माळवदावर जाणं, शेजारच्या चुलीवरचा वास, हे मागेच राहिलं. शिवाय घराचं क्षेत्रफळ जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. विषमता जुन्या गावातही होतीच. आता ती मुलाला चौरस फुटांत मोजता येऊ लागली. म्हणजे गावात राहिलेलं मूलही एका अर्थाने परगावीच गेलं होतं.

म्हणून आता मी प्रश्न वेगळा विचारते. जवळ की दूर, यापेक्षा मुलाभोवती पुन्हा माणसं कशी गुंफली गेली? हाक मारणारं कायमचं एक तरी मोठं माणूस मिळालं का? भावंडं एकत्र राहिली का? गावाशी येणं-जाणं टिकलं का? आणि त्याला स्वतःला कुणी विचारलं का? वाघोली असो, नळदुर्ग असो की सास्तूरचा पत्र्याचा शेड, तिन्हीकडे हेच तपासावं लागेल.

हा जुना इतिहास आहे असं समजू नका. दर दिवाळीच्या आसपास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुलाला कोपीवर न्यायचं, आजीपाशी ठेवायचं की हंगामी वसतिगृहात? शाळा बुडू नये म्हणून वसतिगृह हवंच. पण हजेरी भरली म्हणजे मूल सावरलं, असं होत नाही. संध्याकाळी त्याच्याशी बोलायला कोण आहे, हा रकाना आपल्या फॉर्मात असायला हवा.

१९९३ ची ती मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर ‘तेव्हा काय झालं’ एवढंच विचारू नका. ‘तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं’ हेही विचारा. माझा सगळा अभ्यास त्या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो आहे.