सनद मिळाली, पुढं काय?

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली; बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा आला १९२३ मध्ये. सनदेची अडचण सुटली, काम शिकायची राहिली.

१९६१ च्या वकिलांच्या कायद्यात पदवीनंतर प्रशिक्षण होतं, ते १९७३ मध्ये निघालं. बार कौन्सिलनं १९९५ मध्ये सीनियरकडं वर्षभर शिकायचा नियम आणला. कौन्सिलला तसा अधिकारच नाही म्हणून सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये तो रद्द केला. निकाल कायद्याला धरूनच. पण 'नियमच आहे, जावंच लागतं' असं घरी सांगायची मुलींची सोय गेली. २०११ पासून परीक्षा आहे, ती घरी अभ्यास करून देता येते.

आपल्या बिदर-कलबुर्गीत घरात मराठी, तालुक्याच्या कोर्टात कन्नड, २००८ पासून कलबुर्गीत बसणाऱ्या हायकोर्टात इंग्रजी, अन् निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद उर्दूत. हे सीनियरच्या टेबलाशी बसूनच कळतं. आणि सीनियरचं ऑफिस भरतं संध्याकाळी! मुलगा जातो. मुलीला आपणच म्हणतो, दिवस मावळायच्या आत जेवायला ये. अहो, डबा द्या की बरोबर. पाचला तिथंच जेवेल ती.