इंग्रजी अध्यापन, मराठी माध्यमातील
मराठी शाळांत परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवताना येणाऱ्या अडचणी व ती शिकण्यामागची प्रेरणा. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. पूर्वी ती पाचवीत सुरू होई.

कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीतील कसबा बावड्यात या विषयाच्या दोन्ही बाजू दिसतात. एकीकडे ऊसशेती आणि राजाराम साखर कारखाना, दुसरीकडे अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये. गल्लीत इंग्रजी क्वचितच कानावर पडते, महाविद्यालयातली पुस्तके मात्र इंग्रजीच.

मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून मूल ‘आय स्कूल गो’ असे वाक्य जुळवते. ‘अ’, ‘द’ ही उपपदे मराठीत नसल्याने लिहिताना गळतात. स्पेलिंगच्या घोकंपट्टीत तास संपला, की बोलणे राहून जाते.

रॉबर्ट गार्डनर व वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी भाषा शिकण्याच्या दोन प्रेरणा सांगितल्या : व्यावहारिक उपयोग आणि ती भाषा बोलणाऱ्यांत मिसळण्याची ओढ. महाविद्यालयीन प्रवेश व नोकरीसाठीचे इंग्रजी पहिल्या प्रकारात मोडते.