बारवेपासून नर्मदेपर्यंत : माळव्याच्या पाण्याचा इतिहास

पावलोपावली पाणी लाभलेला प्रदेश, असा माळव्याचा पूर्वापार लौकिक आहे. मात्र ही केवळ निसर्गाची देणगी नव्हे. काळ्या मातीखालचा बेसॉल्टचा कठीण खडक पाणी बेतानेच साठवतो. म्हणूनच पूर्वजांनी विहिरी, बारवा आणि तलाव बांधून ते राखले. बेटम्याच्या गुरुद्वाऱ्यातील बावडी त्याची साक्ष आहे. गुरू नानकदेवांच्या कृपेने तेथील खारे पाणी गोड झाले, अशी शीख परंपरा सांगते. गोड्या पाण्याचे मोल समाजाने किती जाणले होते, हेच या श्रद्धेतून प्रकट होते.

होळकरशाहीने हा वारसा पुढे नेला. देवी अहिल्याबाईंनी (१७२५-१७९५) महेश्वरी नर्मदेला घाट बांधले आणि देशभरच्या तीर्थक्षेत्री विहिरी व कुंडे उभारून वाटसरूंची तहान भागवली. पुढे इंदूर विस्तारले. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी दरबारास सादर केलेल्या नगररचनेच्या अहवालात नदीकाठांच्या शुद्धीला महत्त्वाचे स्थान दिले. द्वितीय यशवंतराव होळकरांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये, गंभीर नदीवर यशवंतसागर साकारला. शहराची तहान भागवण्यासाठी आसपासच्याच नदीचे पाणी अडवावे, ही त्यामागील दृष्टी होती.

स्वातंत्र्योत्तर काळात हे पाणी अपुरे पडू लागले. १९७० मध्ये इंदूरच्या नागरिकांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये ते शहरात पोहोचले. मंडलेश्वरनजीक जलूद येथून ते विंध्याचा चढ चढवून आणावे लागते. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये मध्यप्रदेशास १८.२५ दशलक्ष एकर-फूट पाण्याचा वाटा दिला. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी क्षिप्रेतही सोडण्यात आले.

हे कर्तृत्व निःसंशय थोर आहे. तथापि दुरून आणलेल्या पाण्याला अखंड विजेचा आणि द्रव्याचा आधार लागतो. शिवाय नळाला पाणी आले की विहिरीतला गाळ काढण्याचे विस्मरण होते, आणि कूपनलिका जितक्या खोल जातात तितकी उथळ विहीर लवकर आटते. सिरपूर तलाव व यशवंतसागर यांना २०२२ मध्ये रामसर पाणथळ स्थळांचा दर्जा मिळाला. या जुन्या जलाशयांची योग्यता जगाने मान्य केली. आता ती आपणही मानली पाहिजे.

ग्रंथालय पूर्वजांचे ज्ञान जतन करते, तसेच जलाशय त्यांचे श्रम जतन करतो. दोहोंची निगा मागील पिढीने राखली, म्हणूनच ती आपल्या हाती आली. शताब्दीच्या या मंगल प्रसंगी आपल्या गावची एखादी बारव गाळमुक्त करण्याचा संकल्प सभासदांनी केला, तर पूर्वजांच्या ऋणाची अंशतः तरी उतराई होईल.